फाटकाची कडी

"रिकिबी काढ," हार्मकाका म्हणाले आणि कोबोल्डच्या तोंडपट्ट्याला लांब दोर अडकवायला लागले.

गेशेने दोन्ही रिकिबी काढून त्यांच्या हातात दिल्या. लगामही सोडला. आता घोड्यावर टिकून राहायला तिच्याजवळ स्वतःच्या बैठकीशिवाय काही उरलं नव्हतं, आणि तीच गेले तीन आठवडे दगा देत होती.

उद्या परीक्षा होती. तीन वर्षं लीद उपसून केलेली उमेदवारी उद्या वीस मिनिटांत पार पडणार किंवा पाण्यात जाणार होती. रिकिबीला पाय न लावता घोडा दुडक्या चालीने न्यायचा, आणि खोगिरावरून तसूभरही उडायचं नाही. पूर्वी हे तिला हसतखेळत जमायचं. लिंडे घोडी मेली त्या दिवसापासून मात्र ती उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखी थडथडत होती.

हार्मकाकांनी मैदानाच्या दाराची कडी लावली. पाच पावलं आले, परत गेले, कडी हलवून पाहिली. दोर हातात घेतला आणि पुन्हा एकदा जाऊन पाहून आले. मला दाखवायला करताहेत, गेशेच्या मनात आलं. तिच्या मांड्या आपोआप आवळल्या.

तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी कुरणाचं फाटक उघडं राहिलं. लिंडे बाहेर पडली, बंधाऱ्याकडच्या रस्त्याला लागली आणि दुधाच्या टँकरखाली आली. तबेल्याच्या मालकीण थॉमसनबाईंनी सगळ्यांना अंगणात उभं करून विचारलं, कडी कोणाकडून राहिली? शेवटची फेरी हार्मकाकांची असायची. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. माझ्याकडूनच राहिली असणार, म्हणाले. मग त्यांची नजर गेशेवर येऊन थांबली, आणि गेशे मूग गिळून उभी राहिली. काकांची फेरी झाल्यावर अर्ध्या तासाने लिंडेला सफरचंद द्यायला तीच गेली होती.

काकांना ठाऊक आहे, याविषयी तिला शंका नव्हती. पोरीचं वाटोळं होऊ नये म्हणून त्यांनी आळ स्वतःवर घेतला होता. बाईंनी तर त्यांना काढलंही नव्हतं. त्यांनीच आपणहून एकतीस वर्षांची नोकरी सोडली. आजचा दिवस शेवटचा. उद्यापासून हूजुमला, बहिणीच्या घरी.

"चल, दुडकी."

कोबोल्ड निघाला. पहिल्याच फेरीत गेशे दोनदा वर उडाली आणि दाणकन खाली आली. घोड्याने कान मागे पाडले.

"खोगिराचा तंग आवळलाय ना मी?" काकांनी विचारलं. हे त्यांनी मघाशीही विचारलं होतं. आवळताना तर तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी खिशातून छोटी वही काढून पाहिली आणि परत ठेवली. हल्ली ते बारीकसारीक सगळं त्या वहीत लिहायचे. त्यात आपलंही नाव असेल, असं तिला वाटून गेलं.

हा माणूस एरवी फेरीगणिक गप्पा मारणारा. त्यांची आई शेवटी शेवटी कधीच्या विकलेल्या गाई शोधत गावभर हिंडायची आणि पाद्र्याला गवळी समजून दुधाचा हिशेब मागायची, ते किस्से ऐकून शिकाऊ मुली घोड्यावरून पडायच्या बेतात यायच्या. गेल्या तीन आठवड्यांत काकांनी आईचं नाव काढलं नव्हतं.

"श्वास कोंडलायस," ते म्हणाले. "तुझी पाठ लाकूड झाली की त्याचीही होते. बोल काहीतरी. बोलणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो."

"काय बोलू?"

"सकाळी काय खाल्लंस ते बोल."

राईचा पाव, तिने सांगितलं. आलुबुखाराचा मुरंबा. कॉफी. एवढ्यावरच बोलणं संपलं. ती पुन्हा उडाली, आणि आयाळ धरली म्हणून वाचली.

"अजून बोल. उद्या मी नसेन सांगायला."

तेच तिला सहन होईना. तोंड उघडलं तर थॉमसनबाई आजच्या आज बाहेर काढतील, हे तिला कळत होतं. परीक्षा तर गेलीच, आणि असं लपवणाऱ्या मुलीला आसपासचा एकही तबेला दारात उभं करणार नाही. आणि नाही उघडलं, तर हा म्हातारा संध्याकाळी बोचकं उचलून चालायला लागेल. कोबोल्डचे खूर वाळूत एक-दोन, एक-दोन पडत होते.

"कडी माझ्याकडून राहिली, काका," ती म्हणाली. "तुमच्यानंतर मी गेले होते लिंडेकडे. सफरचंद घेऊन."

कोबोल्डने फेरी पूर्ण केली, दुसरीही केली. गेशे रडत होती आणि तिची कंबर घोड्याच्या पाठीबरोबर सहज झुलत होती. हे दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. मग दोर सैल होऊन वाळूत लोंबला आणि घोडा आपला आपण थांबला.

"तुम्हाला ठाऊक होतं ना?" तिने विचारलं. "मला वाचवलंत तुम्ही."

हार्मकाका जवळ आले. कोबोल्डच्या मानेवर त्यांनी हात टेकला.

"म्हणजे, मी कडी लावली होती?"

"लावली होती. मी काढली, आणि लावायची विसरले."

"नक्की?"

"नक्की, काका."

त्यांनी टोपी काढून तोंडावरून फिरवली आणि बराच वेळ ती तोंडापुढेच धरून ठेवली.

"मला लख्ख आठवत होतं गं, कडी लावल्याचं," ते म्हणाले. "मला वाटलं, आईसारखं माझंही सुरू झालं."