विश्रांतीचा दिवस

वाटीवर चमचा टिणकन वाजला आणि दुपारची शांतता मोडली. खाटेवरच्या रुपरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. प्रेमिला मऊ भाताची वाटी धरून तशीच वाकून उभी राहिली.

"लंच झाला काय?" सासऱ्यांनी विचारलं.

स्वयंपाकघरातल्या ट्रान्झिस्टरवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. क्रिकेटचा कसोटी सामना कालच आटोपला होता, तिसऱ्याच दिवशी. आपले लोक पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले होते. रुपरावांना हे ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात कान गेले, तेव्हापासून त्यांचा रेडिओ म्हणजे सूनच. ती आत ऐकायची आणि कानाशी येऊन सांगायची.

जन्म खापरखेड्याच्या वीजकेंद्रात काढलेला हा माणूस. नागपुरात टेस्ट लागली की रजा टाकायचा. भाकर नि जवसाची चटणी बांधून मैदानावर जायचा. डबा उघडायचा तो लंचला पंच स्टंपवरच्या बेल्स उतरवून आत गेले की मगच. खेळ कितीही रटाळ होवो, शेवटचा चेंडू पडेपर्यंत जागचा हलायचा नाही. आता आजारपणात त्यांनी अन्न सोडलं होतं. पोटात काही गेलं तरच माणूस राहील, असं डॉक्टर बजावून गेले होते. आणि मग हा सामना सुरू झाला, रुपरावांनी लंचला तोंड उघडलं, टी-टाइमला दूध घेतलं. सक्करदऱ्याच्या त्या दोन खोल्यांत जीव परत आला होता.

प्रेमिला त्यांच्या कानाशी वाकली.

"झाला, मामाजी. आत्ताच झाला. आपले दोघंही नाबाद आहेत."

रुपरावांनी तोंड उघडलं.

त्या दिवसापासून सामना तिच्याकडे आला. कणीक मळता मळता ती चौका मारायची. धुणं वाळत घालता घालता झेल सोडायची. त्या दोघा फलंदाजांना आउट करायला तिचा हात धजेना. एखाद्या दिवशी खेळ अगदीच संथ व्हायचा, कारण वैजूला ताप असायचा. पाच वर्षांची वैजू आईच्या पदराला धरून सगळं कान देऊन ऐकायची आणि चौका लागला की टाळ्या पिटायची.

"किती दिवस ताणशील वं?" एका सकाळी बूट चढवता चढवता तिचा नवरा विश्वनाथ म्हणाला. जरीपटक्यातल्या टीव्हीच्या दुकानात तो कामाला होता. "वर्ल्ड कप जिंकला तवापासून गिऱ्हाईक एकच इचारते, वन-डे दिसन नं? पाच-पाच दिवस बसाले आता कोनाले फुरसत आहे? बाबांले सांगून टाक, मॅच संपली म्हून."

"सांगते. मंग जेवतील काय ते?"

विश्वनाथने बुटाच्या नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. सायकल काढून निघून गेला.

त्या दुपारी टी-टाइम झाल्याचं सांगून तिने दुधाचा पेला पुढे केला. रुपरावांनी पेला घेतला नाही. तिचं मनगट धरलं. हात कोरड्या पानासारखा हलका होता.

"प्रेमिला, विश्रांतीचा दिवस कवा आहे?"

"कसला दिवस, मामाजी?" तिने कानाशी वाकून विचारलं.

"टेस्टमंदी मधात एक दिवस खेळ नसते, बाई. सारे आराम करते." ते श्वास घ्यायला थांबले. "तुह्या मॅचमंदी कोनीच आराम नाही करून राहिलं. तू बी नाही."

तिने पेला खाली ठेवला.

"तुम्हाले... कवा समजलं?"

"पयल्याच दिवशी. आपले लोक इतके चांगले कवा खेळले वं?" ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. तिने पाठ चोळली.

"मंग जेवत काहून होते तुम्ही?" ती जवळजवळ ओरडलीच. त्यांना ऐकू जावं म्हणून, की आणखी कशासाठी, तिचं तिलाही कळलं नाही.

"तू इतक्या जिवानं खेळून राहिली होती. मी कसा उठून जाऊ? चालू मॅच सोडून मी कवा घरी आलो आहे काय?" त्यांनी तिच्या हातावर दोनदा थोपटलं, जसं लहान पोराला निजवताना थोपटतात. "पन आता थकली तू. चेहरा पाह्य आपला. आता डाव घोषित कर, बाई."

तिने मान हलवली, नाही म्हणून. रुपराव वाट पाहत राहिले. खिडकीतलं ऊन खाटेच्या पायाशी आलं, उतरलं. शेवटी ती त्यांच्या कानाशी वाकली. "डाव घोषित, मामाजी." रुपरावांनी समाधानाने डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी कशासाठीच तोंड उघडलं नाही. तिनेही जबरदस्ती केली नाही.

रुपरावांची तेरवी उरकली. पाहुणे आपापल्या गावी गेले. खाट उभी करून भिंतीला लावली होती. जेवणाची वेळ झाली तशी प्रेमिलाने सवयीने ती वाटी काढली, आणि मग हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

वैजू आली. खाटेच्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसली.

"आई, आपले ते दोघं तर आउट झालेच नाही नं?"

"नाही, बेटा."

"मंग डाव संपल्यावर ते कुठं गेले वं?"