साठीचं अंगडं

ते अंगडं घालायचं मानहोच्या अगदी जिवावर आलं होतं. लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांच्या बाह्या. पहिल्या वाढदिवसाला बाळाला घालतात तशाच, फक्त त्याच्या बायकोने, ओकजूने, त्याच्या मापाने शिवलेल्या. साठी पुरी झाली आणि आई हयात असली, तर मुलाने असं अंगडं घालून आईपुढे नाचायचं असतं. पोर अजून लहान आहे, म्हणजे आपणही म्हाताऱ्या झालो नाही, असं घटकाभर आईला वाटावं. हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि आलं की माणूस लाजून अर्धमेला होतो.

"काय रे चिमण्या, दूध पिऊन आलास का?" ढोलकी घेऊन बसलेला चुलतभाऊ ओरडला. सगळी पाहुणेमंडळी हसली.

मानहोही हसला, पण त्याचं सारं लक्ष आईकडे होतं. आई त्याला विसरून गेली होती. कधी त्याला पोस्टमन समजायची, कधी दीर. आज तरी तिने एकदा "मानहो" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

आई गादीवर बसली होती. समोर पाटावर सुकी बोरं, तांदळाच्या वड्या, फळं, सगळं हातभर उंच रचलेलं. कागदी दारातून दुपारचा उजेड दुधासारखा आत येत होता. वाढदिवसाला करतात त्या समुद्रशेवाळाच्या साराची वाफ त्या उजेडात तरंगत होती आणि आईचा चेहरा मधूनच दिसत होता, मधूनच विरत होता. मानहोने हात पसरले आणि तो हळूहळू गिरक्या घेऊ लागला. बाह्यांचे रंग एकमेकांत मिसळले.

आई त्या रंगांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"चादोल!" ती म्हणाली.

ढोलकी थांबली.

"अहो, चादोल कोण?" ओकजूने हळूच विचारलं.

"माझा मोठा भाऊ."

हे नाव त्याने आजीच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं. चादोल म्हणजे गारगोटी. पोर टणक निघावं म्हणून ठेवलेलं नाव. पहिला वाढदिवस तोंडावर आला असताना ते तापाने गेलं. अंगडं शिवून तयार होतं. त्याच वर्षी थंडीत मानहो जन्मला.

मानहोला फार वाईट वाटलं. साठीचा बाप्या, पण डोळे भरून आले.

"सांगा ना त्यांना," ओकजू म्हणाली. "म्हणावं, मी मानहो."

त्याने तोंड उघडलंही. पण आई दोन्ही हात पुढे करून त्याला बोलावत होती.

"ये ना रे राजा. उचल काहीतरी. सगळे कधीचे थांबलेत."

पहिल्या वाढदिवशी बाळासमोर वस्तू मांडतात. ते कुंचला उचलेल तर शिकेल, तांदूळ उचलेल तर खाऊनपिऊन सुखी राहील, दोऱ्याची लडी उचलेल तर खूप जगेल.  आई त्याच्या हातांकडे टक लावून बघत होती.

मानहोने तोंड मिटलं. तो गुडघ्यांवर बसला आणि रांगत पाटापाशी गेला. पाट साठीचा, त्यावर दोरा कुठून असणार? वाडग्यात गरम शेवया तेवढ्या होत्या, दीर्घायुष्यासाठी न तोडता शिजवलेल्या. त्याने वाडग्यात हात घातला आणि मूठभर शेवया वर उचलल्या. गरम रस्सा मनगटावरून रंगीत बाहीत उतरला.

"लांब आहेत! अगं बाई, किती लांब!" आईने टाळ्या वाजवल्या. "बघितलंत ना सगळ्यांनी? जगणार माझं पोर!"

कुणीच हसलं नाही. चुलतभावाने मान खाली घातली.

आईने मानहोचा ओला हात ओढून घेतला आणि अलगद आपल्या पोटावर ठेवला.

"हळू हं," ती कुजबुजली. "आत तुझा धाकटा भाऊ आहे. लाथ मारतोय बघ. लागली का तुला?"

मानहोने हात तसाच ठेवला.

"लागली, आई," तो म्हणाला. "लागली."