सहा नंबरवरचा गोंगाट

नुबियाने मोजणीचं यंत्र देल्फिनच्या दुकानातल्या फळीवर असं आपटलं, की कॉफीच्या पुड्या हलल्या.

"बघ. आज पुन्हा आठ वाजता सुरू. सहा नंबर पार बुजून गेलाय."

"मी अकरावर आहे, वहिनी. पहिल्यापासून अकरावरच आहे."

"मग हा गोंगाट काय आभाळातून पडतो?"

दुकानातली तीन गिऱ्हाइकं मिठाच्या पोत्याकडे बघत कान देऊन उभी राहिली.

खोऱ्यात बिनतारी इंटरनेटची तीन छोटी जाळी होती. शाळेचं एक नंबरवर, आरोग्यकेंद्राचं सहावर आणि टेकडीवर मनोरा असलेलं देल्फिनचं अकरावर. वरच्या वाडीतल्या चाळीस घरांना तो इंटरनेट विकायचा. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात तसे हे नंबर नुबियाच्या नवऱ्याने, एवेलियोने, ठरवून दिले होते. ज्याने त्याने आपल्या नंबरवर राहायचं, म्हणजे कुणी कुणाचा आवाज तुडवत नाही. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी घरी येताना नदीच्या वळणावर एवेलियोला कुणीतरी गोळ्या घातल्या. कुणी, ते कधी कळलं नाही. तेव्हापासून नंबरांची राखण नुबियाकडे आली.

गेले बारा दिवस सकाळी आठ ते नऊ सहा नंबरवर नुसता कल्लोळ चालला होता. नऊला सगळं शांत. रात्री तर पानही हलत नसे. पण आठ ते नऊ हाच आरोग्यकेंद्रातल्या रोसालबाचा शहरातल्या डॉक्टरशी बोलायचा तास.

"डॉक्टरावाचून पुन्हा पोरांच्या पोटाला तापल्या सळईचे डाग द्यायचेत का तुला?" नुबिया म्हणाली. "रोसालबा रोज तासभर ताटकळते. बाहेर आयाबाया लेकरं घेऊन बसलेल्या. आणि तू इथे वरच्या वाडीला सिनेमे पुरवतोस!"

"आईची शपथ, मी काही केलेलं नाही." देल्फिनचा आवाज रडवेला झाला. "आज एवेलियो असता तर माझ्या बाजूने उभा राहिला असता."

नुबियाचा चेहरा तांबडालाल झाला. क्षणभर वाटलं, ती यंत्र उचलून त्याच्या डोक्यात घालते.

"त्याचं नाव घेऊ नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "रविवारी सभेत ये."

रविवारी सभेच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पंचायतीची प्रमुख तुलिया आजी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसली होती. नुबियाने भिंतीवर खोऱ्याचा नकाशा लावला. गोंगाट कुठून येतो ते तिघांनी तीन ठिकाणांहून मोजलं होतं: शाळेच्या मास्तरांनी पटांगणातून, रोसालबाने केंद्राच्या पत्र्यावरून आणि पुलावरच्या पहारेकऱ्याने पुलावरून. नुबियाने तिघांनी सांगितलेल्या दिशांच्या रेघा ओढल्या. तिन्ही रेघा एकाच जागी भेटल्या. देल्फिनच्या टेकडीवर.

"मोजणी मी केलेली नाही," ती म्हणाली. "या तिघांनी केलीय. विचारा त्यांना."

"टेकडीवर दुसरं आहेच काय?" मागून कुणीतरी ओरडलं. "शेळ्या?"

"शेळ्यांना सिनेमे आवडत असतील!"

हशा पिकला. देल्फिन ताडकन उठला.

"खोटं आहे हे! माझी यंत्रं उघडून बघा. कॉम्प्युटर बघा. काय आहे त्यात ते सगळ्यांना दिसू दे!"

"बघितलंय मी," नुबिया म्हणाली. "गेल्या महिन्यात तुझा कॉम्प्युटर दुरुस्त करायला मीच आले होते ना? त्यात काय काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे, देल्फिन."

देल्फिन तिच्याकडे बघत राहिला. मग तो हळूच खाली बसला आणि टोपी हातात चुरगाळू लागला.

"बोल की आता," तुलिया आजी म्हणाली.

तो बोलला नाही. ज्याचं मन साफ असतं तो असा गप्प बसत नाही, असं बायका आपसात कुजबुजल्या.

निकाल झाला. टेकडी गावाची, मनोरा खाली उतरवायचा. देल्फिनने या खोऱ्यात पुन्हा धंदा करायचा नाही. त्याने मान डोलावली. बहिणीकडे काली शहरात जाईन, एवढंच म्हणाला. ज्याच्या तोंडाला गावात कुणी पुरं पडत नसे, तो एवढ्या मुकाट्याने मानेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

सोमवारी आठ वाजता गावचे पहारेकरी दोरखंड घेऊन टेकडीवर चढले. मास्तर वॉकीटॉकी घेऊन उभे होते. गोंगाट सुरू झाल्याचं खालून रोसालबाने सांगितलं. मनोऱ्याची मागची ताणाची तार धरायला नुबिया निवडुंगाच्या बाजूला गेली. मनोरा डुगडुगला, कलला आणि धाडकन गवतात आडवा झाला.

दोन श्वासांनी वॉकीटॉकी खरखरली.

"साफ!" रोसालबा ओरडत होती. "सहा नंबर साफ! डॉक्टर दिसतायत!"

टेकडीवर टोप्या उडाल्या. खाली रस्त्यावर देल्फिनने शेवटचं खोकं बसच्या टपावर टाकलं आणि मागे वळून न बघता आत चढला.

"एवेलियो बघत असेल हो वरून," मास्तर नुबियाला म्हणाले आणि बाकीच्यांबरोबर खाली उतरले.

उरलेली तार गुंडाळते म्हणून नुबिया मागे राहिली. सगळे वळणाआड गेल्यावर तिने निवडुंगातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ओढून काढला. त्यातल्या, सहावर गोंगाट करणाऱ्या छोट्या प्रक्षेपकाची बॅटरी तिने मनोरा पडतापडताच उपटली होती. गेल्या महिन्यात देल्फिनच्या कॉम्प्युटरमध्ये तिला एक जुना निरोप सापडला होता. एवेलियो गेला त्या संध्याकाळी दुकानातून नदीपलीकडच्या बंदूकवाल्यांना धाडलेला. तो सभेत वाचून दाखवला असता, तर दुसऱ्या दिवशी ती माणसं तिच्या दारात आली असती. गोंगाटासाठी कुणी कुणाच्या दारात येत नाही. निरोप तिला तोंडपाठ होता. 'आत्ता निघालाय. एकटाच आहे. हिरवी मोटरसायकल.'