पुलावरचे कावळे

पिंडाला कावळा शिवेना. हिंडन नदीच्या काठी ऊन चांगलंच तापलं होतं आणि सगळे कावळे वर नव्या पुलाच्या कठड्यावर ओळीनं बसून राहिले होते. बरोबर त्याच जागी, जिथून कल्पना पडली होती.

पूल फक्त पायी चालणाऱ्यांचा, पांढराशुभ्र. गाझियाबादच्या नव्या सोसायट्यांमधली मंडळी संध्याकाळी तिथे हवा खायला यायची. निर्माल्य नदीत टाकताना कल्पनाचा तोल गेला, असं तिच्या नवऱ्यानं, सुधाकरनं सगळ्यांना सांगितलं होतं.

"ताई तर निर्माल्य तुळशीत घालायची," पुण्याहून आलेला तिचा भाऊ पद्माकर म्हणाला.

"ते पुण्यात. इथे फ्लॅटमध्ये कुठली आलीय तुळस?" सुधाकरचे डोळे भरून आले. बिचारा दहा दिवसांत पार खंगला होता.

पंडितजी तिथलेच. त्यांना ही वाट बघायची भानगड नवीन. "गाय को खिला दीजिए, हो गया काम," ते म्हणाले.

पद्माकर ऐकेना. ताईचा जीव कशात तरी अडकलाय, ते कबूल केल्याशिवाय कावळा यायचा नाही. तिला असं अधांतरी सोडून परतायला त्याचं मन घेईना. त्यानं हात जोडले. "ताई, सुखदाचं मी बघतो. तिला पुण्याला नेतो."

एक कावळा उडाला आणि पिंडापाशी येऊन बसला.

सुधाकर घाईनं पुढे झाला. "कल्पना, आपली मुलगी कुठेही जाणार नाही. माझ्याजवळच राहील, बिल्कुल. जिवापाड जपेन तिला."

कावळा परत पुलावर गेला.

पद्माकरनं वर कठड्याकडे बघितलं. बाप इतक्या मायेनं बोलतोय आणि कावळा पाठ फिरवतो, म्हणजे काय म्हणायचं?

"मामा, मी बोलू?" सुखदानं विचारलं. आठवीतली पोर. आई गेल्यापासून तिनं तोंडच उघडलं नव्हतं.

"तू राहू दे, बेटा," सुधाकर म्हणाला.

पण ती पिंडाजवळ बसलीही होती. तिचे ओठ हलले. ऐकू कुणालाच काही आलं नाही.

कठड्यावरचे सगळेच्या सगळे कावळे एकदम खाली झेपावले. भात चहूकडे उडाला.

"चलो, हो गया," पंडितजी म्हणाले. सुधाकर ओक्साबोक्शी रडू लागला.

पद्माकरनं भाचीला जवळ घेतलं. "काय कबूल केलंस गं आईला?"

ती त्याच्या कानाशी लागली.

"म्हटलं, आई, मी बाबांबरोबर पुलावर कधीच एकटी जाणार नाही."