जोडणीपाशी गळती

"हा क्लॅम्प काढा ताई, आणि टाकीत फिरवून बसवायचं आट्यांचं तोंड लावा. तिकडच्या टाक्यांवर क्लॅम्प चालत नाही म्हणतात."

पाठीवरच्या टाकीतली हवा पाणबुड्याच्या तोंडाशी आणणारा रेग्युलेटर कप्ताननं काउंटरवर ठेवला. त्याला सगळे कप्तानच म्हणत, जहाज मात्र त्यानं कधी चालवलं नव्हतं. हौशी पाहुण्यांना समुद्राखाली नेऊन सुखरूप वर आणायचं, हा त्याचा धंदा. पुढच्या आठवड्यात तो दूरच्या एका बेटावर मुख्य मार्गदर्शक म्हणून रुजू होणार होता.

ती कामाच्या टेबलामागून उठली. त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखण्याचं कारणही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी चौकशीत दोघांचे जबाब वेगवेगळ्या दिवशी झाले होते. तिनं मात्र त्याचा फोटो वर्तमानपत्रात इतक्यांदा पाहिला होता की डाव्या भुवईवरचा व्रणही तिला पाठ होता.

तिच्या धाकट्या भावाला घेऊन तो पाण्यात उतरला होता आणि एकटाच वर आला होता. भाऊ दोन दिवसांनी किनाऱ्याला लागला. जीव वाचवण्यासाठी त्यानं पाठीवरच्या टाकीचे पट्टे सोडले असावेत. टाकी आणि रेग्युलेटर सापडलेच नाहीत. उरला तो कप्तानचा शब्द. "त्याचा रेग्युलेटर जोडणीपाशी गळत होता," असं त्यानं सांगितलं. तो रेग्युलेटर दुरुस्त केला होता तिनंच. अहवालात तेच आलं. महिन्याभरात तिचं दुकान बंद पडलं. आता ती दुसऱ्याच्या दुकानात पाना घेऊन दुरुस्त्या करत होती. आई अजूनही तिच्याशी कामापुरतंच बोलायची.

"तिकडच्या टाक्या किती दाबाच्या?" तिनं विचारलं.

"तीनशे बार. चांगल्या जाडजूड आहेत."

"बाईंवर सोडा," गल्ल्यावरून मालक म्हणाले. "त्या माणसांशी कमी आणि पान्याशी जास्त बोलतात. म्हणून तर काम चोख होतं."

कप्तान मोठ्यानं हसला. खुर्ची ओढून तो मालकांशी गप्पा मारत बसला.

तिनं खण उघडला. आट्यांचे नट दोन लांबींचे असतात. तीनशेच्या टाकीचा व्हॉल्व्ह खोल, त्याला लांब नट लागतो. आखूड नटही त्यात शेवटपर्यंत फिरतो, हाताला घट्ट लागतो, पण तळाला टेकत नाही. टाकी उघडली की सगळी हवा फुस्सकन बाहेर. मुद्दामच तशी रचना केलेली असते, कमी ताकदीचं यंत्र जास्त दाबाला जोडलं जाऊ नये म्हणून.

तिनं आखूड नट उचलला.

बेटावरचा पहिला दिवस तिला स्वच्छ दिसला. बोटीवर बारा पाहुणे, नवा मालक, आणि कप्तान पुन्हा पुन्हा नट आवळतोय. जीव जाणार नव्हता. नाक मात्र मुळापासून कापलं जाणार होतं. आणि सगळे एकच म्हणणार होते, जोडणीपाशी गळतंय. सहा वर्षांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तिनं रेग्युलेटर शिकंज्यात धरला आणि क्लॅम्प सोडवला. आतली पितळी वाटी पुसली. मग दिवा जवळ ओढला आणि डोळ्याला भिंग लावलं. वाटीची आतली कड तिनं दोनदा फिरवून पाहिली.

आखूड नट तिनं परत खणात टाकला. लांब नटाला हातही लावला नाही. काढलेला क्लॅम्प जसाच्या तसा पुन्हा बसवला, दुकानातल्या टाकीला रेग्युलेटर जोडला, टाकी पाण्याच्या टबात आडवी केली आणि व्हॉल्व्ह उघडला.

"अहो ताई, परत क्लॅम्पच?" कप्तान उठून आला.

"बदलण्याआधी आहे तशी तपासणी करावी लागते. बघा तुम्हीच."

तिघंही टबावर वाकले. पाणी काचेसारखं स्थिर होतं.

"एक बुडबुडा नाही!" कप्ताननं मांडीवर थाप मारली. "हा माझा ठेवणीतला आहे. खास पाहुणे असले की हाच काढतो. सहा वर्षं झाली, जोडणीपाशी कधी जराही हवा गळली नाही. आणि उघडला म्हणाल तर एकदाही नाही."

"दुसऱ्या कोणी वापरला? कोणाला दिला होता?"

"छे! हात लावू देत नाही कुणाला."

"मग तेवढं लिहून द्या. कामाच्या कागदावर लागतं."

त्यानं ऐटीत लिहिलं. सहा वर्षं माझ्याकडेच, एकदाही उघडलेला नाही, गळती नाही. खाली लफ्फेदार सही ठोकली. तिनं कागद मालकांपुढे सरकवला. त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली.

कागद तिनं घडी घालून खिशात ठेवला. रेग्युलेटर टाकीवरून काढला, कोरडा पुसला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"अहो, आट्यांचं तोंड?" कप्तान म्हणाला. "मला परवा निघायचंय."

"दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या आत मी सुईनं तारीख कोरते," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. "यात माझ्या हातची तारीख आहे, माझा भाऊ बुडाला त्याच्या चार दिवस आधीची. गळत होता तो तुमचा, कप्तान. तो तुम्ही बोटीवर त्याच्या गळ्यात मारलात, आणि त्याचा हा चांगला स्वतः घेतलात."