एका नामाची वात

खटका दाबून मीराबाईने यंत्र बंद केलं. परातीत वातींचा ढीग पडला होता. छगन मोबाइलच्या घड्याळात बघून हसत होता.

"मिनिटाला चाळीस, माय. लाखातल्या उरलेल्या वाती चार तासांत पुऱ्या."

मीराबाईने एक वात उचलून उजेडाकडे धरली. सुरेख होती. तिच्या हातच्या वातीपेक्षा सरळ.

"वाती झाल्या रे भो," ती हळूच म्हणाली, "पण माह्यं नाव मागं राहिलं."

छगनला काही उमजेना. भेस्तानच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, यंत्रमाग सांभाळण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. माग जरा जोरात पळाला की शेठ खूश, हे त्याला पक्कं ठाऊक. यंत्र फार पळतं म्हणून कोणी बंद करावं, हे तो पहिल्यांदाच बघत होता.

समजावलं ते जयश्रीने. नवऱ्याला ती स्वयंपाकघरात घेऊन गेली. "अहो, आत्याबाईंचा नेम नुसत्या वातींचा नाही. कापूस ओढायचा तेव्हा नाव सुरू करायचं, वळून झाली की नाव संपवायचं. एका वातीमागे एक 'श्रीराम जयराम जय जय राम'. आषाढीपासून तसंच चाललंय. मी म्हटलं थोड्या मी वळते, तर म्हणाल्या, तुझ्या वाती तुझ्या नावावर जातील बाई."

एक्याण्णव हजार झाल्या होत्या. हजार-हजाराच्या पुड्या साडीच्या पिशव्यांत बांधून देवघराखाली रचलेल्या. पण नवरात्रापासून मीराबाईचा उजवा अंगठा आखडला होता, चिमूट धरवत नव्हती. दिवसभर बसून शंभर वाती होत नव्हत्या आणि त्रिपुरी पौर्णिमा बारा दिवसांवर आलेली. त्या संध्याकाळी लाख वाती देवापुढे लागल्या नाहीत तर चार महिन्यांचा नेम अर्धवट राहणार. ती कोणाकडे तक्रार करत नव्हती. फक्त जेवण कमी झालं होतं, आणि ते छगनच्या नजरेतून सुटलं नव्हतं. दिवाळीची सुट्टी होती, खाती बंद होती, म्हणून त्याने कांडी भरायच्या जुन्या मशीनची चाती, म्हणजे फिरता दांडा, आणून तिला शिलाई मशीनची मोटर जोडून हे यंत्र केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मोटर काढून टाकली. सगळा डोलारा उचलून गच्चीवर नेला.

आता चातीला हातानं फिरवायची मूठ बसली. मूठ अशी रुंद, की चिमूट लागू नये, तळव्यानेच ढकलता यावी. मुठीचा एक फेरा पुरा झाला की एक वात वळून पडली पाहिजे आणि तेवढ्यात एक नाव झालं पाहिजे. आईला एक नाव घ्यायला किती वेळ लागतो ते त्याने घड्याळ लावून मोजलं. सकाळी चार सेकंद, जेवणानंतर सहा. घड्याळाचा काही उपयोग होईना.

शेवटी माप घ्यायचा एकच मार्ग उरला. मूठ फिरवता फिरवता त्याने स्वतःच म्हणायला सुरुवात केली.

"श्रीराम जयराम जय जय..." वात 'राम'च्या आधीच सुटली. दातेरी चाक बदललं. आता नाव संपलं तरी वात सैलच. पुन्हा चाक उतरवलं, कानशीने दोन दाते घासले, पुन्हा पहिल्यापासून. सकाळी चहा झाला की सुरू, ऊन उतरेपर्यंत तेच.

देवाशी छगनचं भांडण कधीच नव्हतं, ओळखच नव्हती. आरतीला बोलावलं की तो टाळ्यांच्या वेळी चप्पल शोधायचा.

शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या नितीनभाईने एकदा मान वर करून विचारलं, "छगनमास्तर, भगत थई गया के शुं?"

"भगत कसला होतोय, चाक बसवतोय," छगन वर न बघता म्हणाला. "श्रीराम जयराम..."

मीराबाईने त्या दिवसांत आपला पाट देवघरापासून उचलून गच्चीच्या जिन्याखाली मांडला. तिथे ऊन येतं, म्हणाली. दिवसाला शंभराच्या जागी साठ वाती होऊ लागल्या तरी ती दोन भाकरी खाऊ लागली. जयश्रीला नवल वाटलं.

सातव्या दिवशी छगन यंत्र घेऊन खाली उतरला. पाटासमोर ठेवलं. आईचा तळवा धरून मुठीवर टेकवला.

मीराबाईने कापूस लावला, डोळे मिटले, मूठ ढकलली. ओठ हलले. शेवटच्या 'राम'बरोबर वात परातीत पडली. दुसरी पडली. तिसरी. एकही पुढे नाही, एकही मागे नाही. अंगठा आपला बाजूला निवांत पडून होता.

"आपल्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या रांग लावतील बघा," जयश्री म्हणाली.

छगन उकिडवा बसून चाकाकडे बघत होता. वात घसरते का, चाती थरथरते का. काही चुकत नव्हतं. "अजून पाच दिवस आहेत, माय," तो म्हणाला. "रोज तीन-चार तास बसलीस तर लाख होतात. मी हिशेब केलाय."

"होतील," मीराबाई म्हणाली. मूठ चालूच होती. "नाही झाल्या तरी चालतील."

छगनने चमकून वर पाहिलं. "आता काहून? त्याच्यासाठी तर एवढा खटाटोप केला."

मीराबाईने हातातली वात पुरी होऊ दिली. मग तळवा उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"लाख वाती देवाला बोलले, तेव्हा एकच मागितलं होतं," ती म्हणाली. "माह्या छगनच्या तोंडून तुझं नाव एकदा तरी ऐकू दे."