सौम्य

वकिलीचा काळा कोट बोहारणीला देऊन टाकला, असं मकरंदने सांगितलं आणि इंदुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'कुणाला विचारून दिलास, गाढवा?' असं वाक्य त्यांच्या मनात तयार झालं. पक्षाघाताने वाचा गेल्यापासून त्यांच्या मनातलं वाक्य डोक्याला लावलेल्या पट्टीतून उशाजवळच्या संगणकावर, मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये उमटायचं आणि मग स्पीकर ते बोलायचा.

आज स्पीकर म्हणाला, "बरं केलंस हो. कपाटात जागा झाली."

मकरंदने टाळी वाजवली. "चाललं! आई, कोट जागच्या जागी आहे गं. तुझ्या एडिटरला जोडायचा एक छोटा प्रोग्राम, एक्स्टेन्शन, लिहिलंय मी, 'सौम्य' नावाचं. कडू बोलणं गोड करतं."

"आधी कुणाला न जोडलेल्या कोऱ्या एडिटरवर तपासायचं, हे शिकवलं नाही का तुला कोडिंगच्या क्लासमध्ये?" त्याची बायको रेवती दारातून करवादली.

"कोऱ्या एडिटरला राग कुठून येणार?"

कामगारांच्या बाजूने कोर्टात भांडण्यात इंदुमतीबाईंचा उभा जन्म गेला होता. एकाही मालकाला त्यांचं तोंड बंद करता आलं नव्हतं. 'काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!'

"राहू दे रे, छान वाटतंय," स्पीकर म्हणाला.

"बघ, आईलाच हवंय," मकरंद रेवतीला म्हणाला.

इंदुमतीबाईंनी धडधाकट डाव्या हाताने काचेचा पेला उचलला आणि सगळा जीव एकवटून त्याच्यावर भिरकावला. तो त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला.

"हातातून निसटला रे बाळा," स्पीकर मायेने म्हणाला. "तुला लागलं नाही ना?"